इंटर सायन्सचा ‘बी ग्रुप’ : पृष्ठावरील उल्लेखाविषयी तळटीप

१. जुन्या पद्धतीत अकरावीची एस.एस.सी. झाली की डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला साध्या आर्ट्‌स-सायन्स कॉलेजात एफ.वाय. आणि इंटर अशी दोन वर्षे काढावी लागत. इंटरला गणित घेणारे ए ग्रुपचे, जीवशास्त्र घेणारे बी ग्रुपचे. मेडिकलचा प्रवेश इंटरच्या गुणांवर ठरे. वेगळी प्रवेशपरीक्षा नव्हती. कल्याणचे बिर्ला कॉलेज १९७२ साली निघाले. त्याआधी डोंबिवली-कल्याणची बरीच मुले लोकलने माटुंग्याच्या रुईयासारख्या कॉलेजांत जात. लेखकाने सांगितलेली पिशवीतली पेटी म्हणजे डिसेक्शन बॉक्स : कात्री, चिमटा, स्काल्पेल, सुया. मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ टाचण्यांनी पक्के करून त्याची मज्जारज्जू अखंड मोकळी करायची, मग जर्नलमध्ये टोकदार पेन्सिलीने आकृती. हात इथेच बसत असे, आणि या भागाला लेखकाने दोनच ओळी द्याव्यात याची संपादक म्हणून मला चुटपुट वाटते.

दहावी-बारावीचा आकृतिबंध आल्यावर (बारावीची पहिली परीक्षा १९७७) इंटर गेले आणि ही तयारी ज्युनिअर कॉलेजकडे आली. आता ‘नीट’च्या ७२० गुणांवर प्रवेश मिळतो. त्यामुळे कॉलेजात नुसते नाव घालून दिवसभर क्लासला बसणारी मुले ठाण्यापासून कल्याणपर्यंत सर्रास दिसतात. प्रयोगशाळेतले ते तास त्यांच्या वाट्याला फारसे येत नाहीत, हे नुकसान मोठे आहे. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ चे; लेखकाच्या पिढीला परळ, सायन किंवा भायखळ्यासारखे ठिकाण गाठावे लागे.