आग दिसली तर गाडीकडे पळायचं का?

रास अल खोर आणि आसपासच्या मंडळींनो, आज पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे खाडीवर फ्लेमिंगो, मागे गॅरेजं आणि गोदामं. वणवा हा शब्द आपल्या मुलांनी पुस्तकातच वाचलेला. पण मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की बरीच मुलं पुण्या-नाशकाला जातात आणि मामेभाऊ-आतेभाऊ त्यांना गडावर नेतात. सह्याद्रीत गवत वाळून कोळ होतं ते याच दिवसांत. माझ्या मुलीने परवा विचारलं, "आई, आग दिसली तर गाडीकडे पळायचं ना?" मी हो म्हणणार होते. मग जरा इतिहास वाचला.

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेत मोंटाना राज्यात मिसुरी नदीकाठी मॅन गल्च नावाची एक घळ आहे. तिथली आग विझवायला विमानातून १५ जवान उतरले, खाली एक वनरक्षक त्यांना मिळाला. बहुतेक पोरं विशीच्या आसपासची, बरीच कॉलेजात शिकणारी. म्होरक्या वॅग्नर डॉज, वय ३३. बेत सोपा होता: घळीतून खाली नदीकडे जायचं, पाणी पाठीशी ठेवून आग विझवायची. पण आग घळीच्या तोंडाशीच उडी मारून पलीकडे आली आणि नदीची वाट बंद झाली. डॉजने सगळ्यांना मागे, चढावर वळवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चढावर माणूस हळू होतो आणि आग जोरात पळते, कारण ज्वाळांची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. डॉजने जड अवजारं टाकून द्या म्हणून सांगितलं, तरी काहींच्या हातातून ती सुटेनात. आग अगदी मागे आली तेव्हा डॉज थांबला, काडी ओढली आणि समोरच्या गवताला स्वतःच आग लावली. ते भराभर जळून गेल्यावर त्या गरम राखेत शिरला आणि पोरांना हाका मारू लागला, इकडे या म्हणून. एकही आला नाही. म्होरक्याचं डोकं फिरलं असंच वाटलं असणार, आपल्यालाही वाटलं असतं. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, कारण तिथे जळायला काही उरलंच नव्हतं. डॉज वाचला. आणखी दोघं माथ्यावरच्या कातळातल्या फटीतून पलीकडे निसटले. बाकीचे १३ गेले.

पुढे एका मृत मुलाच्या वडिलांनी, ते स्वतः निवृत्त वनाधिकारी होते, आरोप केला की डॉजने लावलेल्या आगीनेच पोरं गेली. चौकशीत ते मान्य झालं नाही. पण त्या बापाला काय बोलणार? मला या प्रकरणात सगळ्यात बोचतं ते वेगळंच. डॉज आणि ही पोरं एकत्र फारशी राबलेली नव्हती. बरोबर उपाय त्याच्याकडे होता, पण ऐन वेळी ऐकावं इतकी ओळख नव्हती. (घरी कुणी काडी ओढायचा धडा देऊ नका हं. तो अनुभवी माणसाचा शेवटचा उपाय होता.)

आपल्या देशातलं उदाहरण तर ताजं आहे. ११ मार्च २०१८, तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात पस्तीसहून जास्त ट्रेकर वणव्यात सापडले. वाळलेलं गवत, उतार, वारा, आणि जो तो सुचेल तिकडे पळाला. काही दरीत पडले. वीसहून जास्त जीव गेले. महिना बघितलात ना? मार्च.

आणि आता उलटं उदाहरण. २ सप्टेंबर २०१७, अमेरिकेत ओरेगॉनमधली ईगल क्रीकची वाट. सुट्टीचा शनिवार, लोक धबधब्याखाली डुंबायला आलेले. एका १५ वर्षांच्या मुलाने दरीत फटाका टाकला आणि रान पेटलं. सुमारे दीडशे लोक आत अडकले. त्यांच्या गाड्या आगीच्या पलीकडे. ते गाड्यांकडे पळाले नाहीत. उलट्या दिशेने, रानात आणखी आत गेले, रात्र उघड्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी मैलोन्मैल चालून वरच्या तळ्याकडून बाहेर पडले. एकही दगावला नाही. रान मात्र तीनेक महिने धुमसत राहिलं, ४८ हजार एकरांहून जास्त जळालं, आणि कोर्टाने त्या मुलावर ३ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त भरपाई लावली. हा आकडा मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. दिवाळीतले उरलेले फटाके गावी नेऊ म्हणत होता.

तर मुलीला "गाडीकडे पळ" नाही सांगितलं. सांगितलं, धूर दिसला की ज्वाळा दिसायची वाट बघू नकोस, तिथूनच मागे फीर. गाडी धुराच्या पलीकडे असेल तर गाडी विसर. आग खाली असेल तर चढावर सुटू नकोस, बाजूला निघ. नाळेत शिरू नकोस, ती धुराड्यासारखी ओढते. उघडा कातळ, पाणी, किंवा आधीच जळून काळी पडलेली, विझलेली जमीन बघ. सॅक टाकावी लागली तर टाक, मी ओरडणार नाही.

मग भाच्याला फोन लावला. पुढे कोण असणार, मागे कोण, गावातला वाटाड्या घेणार का, त्याने मागे फिरा म्हटलं तर सगळे फिरणार का? तो म्हणाला, "मावशी, आम्ही बाराजण आहोत, त्यातले सातजण मलाच माहीत नाहीत."

ट्रेक डिसेंबरच्या सुट्टीवर ढकलला. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.