लेण्यांतील परदेशीय दाते आणि धर्मग्रामाची वही

जुन्नरच्या सभोंवारच्या डोंगरांत जीं बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत, त्यांतील तीन शिलालेखांत इरिल, चित व चंद या परदेशीय दात्यांचीं नांवें आढळतात. इरिलानें पाण्याचीं दोन टाकीं, चितानें संघासाठीं भोजनमंडप व चंदानें गर्भद्वार अर्पण केलें. तिघांसही लेखांत ‘यवन’ म्हटलें असून पहिले दोघे ‘गतां’पैकीं असल्याचा उल्लेख आहे. हे लेख इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील होत. त्या काळीं नाणेघाटाच्या वाटेनें कोंकणांतील बंदरांशीं मोठा व्यापार चाले.

हे ‘गत’ कोण? नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनोव यांनीं 1912 सालीं असें मत मांडिलें कीं, ‘गत’ म्हणजे गॉथ, अर्थात् प्राचीन जर्मन वंशांपैकीं एक लोक. हें मत सर्वमान्य झालें नाहीं. दात्याचें नांव व दान शिळेवर राहिलें; परंतु पित्याचें नांव नाहीं, मूळ गांव नाहीं, संततीची नोंद नाहीं. त्यामुळें वंशशोध तेथेंच खुंटतो.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेंतील जर्मन कुटुंबांचें आहे. 1683 सालीं क्रेफेल्ड भागांतील 13 कुटुंबें फिलाडेल्फियाजवळ जाऊन राहिलीं व जर्मनटाऊन हें गांव वसलें. त्यांच्यामागून लक्षावधि जर्मन तिकडे गेले. इंग्रज कारकुनांनीं कानीं पडेल तसें नांव लिहिलें. श्मिटचा स्मिथ झाला, म्युलरचा मिलर झाला. शिरगणतींत पुष्कळदां केवळ ‘प्रशिया’ किंवा ‘बव्हेरिया’ एवढेंच लिहिलेलें असे. परंतु एखाद्या मंदिराच्या विवाहाच्या वा मृत्यूच्या वहींत मूळ गांवाचें नांव सांपडलें, म्हणजे वाट मोकळी होते. त्या गांवच्या बाप्तिस्म्याच्या वहींत आईबाप व धर्ममातापितर यांचीं नांवें मिळतात, आणि शोधक एकेक पिढी मागें जातो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें 1563 सालीं अशा नोंदी ठेवण्याची आज्ञा केली, तिचें हें फळ होय. तीस वर्षांच्या युद्धांत (1618–1648) जेथील वह्या जळाल्या, तेथें मात्र वंशावळहि बहुधा तुटते.

या कथेचा आपणांशीं जवळचा संबंध आहे. जर्मन येशूसंघीयांनीं 1869 ते 1907 पर्यंत अमेरिकेंत बफेलो येथें आपल्या देशबांधवांची सेवा केली. त्याच काळीं त्यांचेच बंधु मुंबई-पुणें मिशनांत कार्य करीत होते.

महाराष्ट्रांत वंशावळी जतन करण्याची चाल जुनीच आहे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचें आडनांव, गांव व पूर्वजांचीं नांवें लिहिलेलीं असतात. ज्यांच्या पूर्वजांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या पुढील पिढ्या धर्मग्रामाच्या वहींत शोधाव्या लागतात. मूळ गांव व आडनांव ठाऊक असेल, तर हे दोन्ही धागे जोडतां येतात. शिवाय कॅथलिकाचा विवाह अन्यत्र झाला, तरी तो जेथें बाप्तिस्मा झाला तेथील वहींत नोंदविण्याचा धर्मसभेचा नियम आहे. जुन्नर-आंबेगांवांतून पोटासाठीं पुण्यामुंबईस गेलेल्यांचा माग त्यामुळें राहतो.

परंतु वही मुकी आहे; तिला जेवढें सांगावें तेवढेंच ती राखते. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें. तेथील घरें, वाटा व शेतें आज दाखवितां येणार नाहींत. ज्यांनीं गांवाचें नांव लिहून ठेविलें, त्यांच्याच नातवंडांस आपण कोठले हें सांगतां येईल. म्हणून नोंद करवितांना माता, पिता, आडनांव व मूळ गांव पूर्ण लिहवावें, आणि घरांतील वडीलधाऱ्या माणसांस विचारून पूर्वजांचीं नांवें आजच कागदावर उतरावीं. इरिलाचें दान दोन सहस्र वर्षांच्या सुमारास टिकलें, परंतु त्याचा वंश कोणास सांगतां येत नाहीं. आपल्या मुलांवर ती पाळी येऊं नये.