कोरंटी, पाणी आणि पेज

दिलसुखनगरात पावसाळा लागला की घरोघर एखादे अंथरूण तापाचे पडते. अंग फणफणते, उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि वडीलधारी माणसे हळूच विचारतात, ‘कोरंटीला न्यावे लागेल काय?’ महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांस हा शब्द उमगत नाही. मुसी ओलांडून नल्लाकुंट्यास गेले म्हणजे सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे जे सरकारी रुग्णालय लागते, ते लोकांच्या तोंडी ‘कोरंटी’च होय. ‘क्वारंटाइन’चे हे दक्षिणी रूप. साथीच्या रोग्यास वेगळे ठेवावे, हा त्या काळचा मुख्य उपाय त्या नावात जपला गेला आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर सिद्ध झाले. पूर आवरणारे हे जलाशय शहराच्या पिण्याच्या पाण्याचेही आधार ठरले. रोगाचा विचार रोग्याच्या खाटेपाशी न थांबता पाण्याच्या उगमापर्यंत जावा लागतो, हे त्यांनी शिकविले.

परंतु खाटेवरील रोग्याचे काय? जुलाब होताच पाणी तोडावे, अशी आमच्याही घरी समजूत होती. आजी रोग्याच्या हातचा पेला काढून घेत. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले व शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजविले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्युप्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. साखरेबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते व त्यामागोमाग पाणी जाते. जुलाबातही ही वाट खुली असते.

म्हणून १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ करावा. तापास पॅरासिटामॉल, तेही मुलांस वजनाच्या मानाने. लघवी बंद झाली, ग्लानी आली, वा शौचावाटे रक्त पडले, तर मात्र घरी थांबू नये.

गंमत अशी की, पाणी तोडणारी आमची तीच आजी, ताप उतरू लागताच, कोकणातल्या माहेरच्या रीतीने मीठ घातलेली तांदळाची पेज भरवीत असे. पिष्ट, मीठ आणि पाणी! औषध चुलीवरच होते. ते दोन दिवस आधी द्यावयाचे, एवढेच आम्हांस शिकावयाचे राहिले होते.