साक्ष आणि अब्रुनुकसानी
न्यायालयात साक्ष देताना केलेल्या बदनामीकारक विधानाबद्दल साक्षीदारास जबाबदार धरावे काय, हा विधीच्या इतिहासातील जुना प्रश्न होय. इंग्रजी विधीने त्याचे उत्तर नकारार्थी दिले. सीमन वि. नेदरक्लिफ्ट (१८७६) या खटल्यातील हस्ताक्षरतज्ञाने उलटतपासणीत, कोणी विचारले नसताना, पूर्वीच्या एका प्रकरणातील मृत्युपत्र बनावट असल्याचे बोलून दाखविले. त्या मृत्युपत्रावरील साक्षीदाराने अब्रुनुकसानीचा दावा लावला. परंतु तो अपील न्यायालयात टिकला नाही. विधान द्वेषमूलक असले, तरीही हे संरक्षण ढळत नाही. कारण दाव्याच्या धास्तीने प्रामाणिक मनुष्यही साक्षीस येण्यास कचरेल.

भारतात प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच दिवाणी दाव्यांपुरते हे तत्त्व मान्य केले होते. फौजदारी बाजू मात्र निराळी. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ चे अपवाद मुख्यतः सद्‌भावनेवर आधारलेले असून त्यांत साक्षीदारास सरसकट सूट नाही. असे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालय इंग्रजी नियमच लावीत असे. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२०–२१ मध्ये याबाबत संहिताच प्रमाण मानली. पाठोपाठ बाई शांता वि. उमराव अमीर या प्रकरणी मुंबईच्या पूर्णपीठानेही आपले जुने मत सोडले.

खोट्या साक्षीने अब्रू गेलेल्यास त्यामुळे बदनामीची फिर्याद करता येते, नुकसानभरपाई मात्र मागता येत नाही. खोटी साक्ष हा स्वतंत्र गुन्हा (पूर्वीचे कलम १९३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२९) असला, तरी न्यायालयाच्या लेखी तक्रारीवाचून त्याची दखल घेतली जात नाही, आणि अशी तक्रार क्वचितच होते.