'जन्मजात' हा शिक्का आणि सैनिकाचे हृदय

तारापूर-बोईसरच्या एमआयडीसीत अनेक कंपन्यांच्या गेटवर निवृत्त जवान सिक्युरिटीत उभे असतात. सैन्यात असतानाच हृदयविकार जडलेल्या जवानाची अपंगत्व पेन्शन नाकारताना ठरलेले वाक्य येते : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण पुष्कळदा 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर'. ज्या इंग्रजी शब्दाने संविधान ओळखले जाते, त्याचाच दुसरा अर्थ शरीराची मूळ घडण. थोडक्यात, दोष तुझ्या देहातच होता.

हा युक्तिवाद आपल्या समाजाला नवा नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात महार सैनिक लढले. तरी १८९० च्या दशकात 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद झाली. कामगिरी दप्तरात होती, निकाल जन्मावर लागला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ ला युद्धासाठी माणसे हवी झाली तेव्हा १११ वी महार पलटण निघाली, युद्धानंतर मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दरवेळी लायकीचा पुरावा आपणच द्यायचा.

हृदयाच्या बाबतीत डॉक्टरांनीही हेच केले. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, छातीतली कळ, दम लागणे दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवले. 'सैनिकाचे हृदय' हे नाव रूढ झाले. पहिल्या महायुद्धात थॉमस लुईस यांनी त्याला 'एफर्ट सिंड्रोम' म्हटले. नावातून सैनिकच गेला!

आपल्याकडे १९८२ च्या नियमांत मात्र उलटी तरतूद होती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरायचे. पुराव्याचा भार त्याच्यावर नाही, रास्त शंकेचा फायदाही त्यालाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हे ठणकावून सांगितले. तो खटला फेफऱ्याचा होता, पण तत्त्व इतर आजारांनाही लागू. म्हणजे नुसते 'कॉन्स्टिट्यूशनल' लिहून चालत नाही, बोर्डाने कारणे द्यायला हवीत.

तरीही लष्करी डॉक्टरांच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत हृदयविकारासाठी झटक्याआधीच्या १४ दिवसांच्या ड्युटीचा तक्ता पाहायला सांगितले. चौदाच दिवस का? बर्फातली चौकी, सततचा धोका, घरापासून दूर काढलेली वर्षे रक्तवाहिन्यांवर सावकाश परिणाम करतात, आणि झटका येतो तेव्हा जवान शांतता क्षेत्रात किंवा रजेवर गावी असू शकतो. तक्त्यात मग काहीच सापडत नाही.

असे पत्र हाती असेल तर आधी मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा आणि कारणांचा रकाना वाचा. तो कोरा असेल किंवा एकाच शब्दाचा असेल, तर अपील तिथूनच सुरू होते. अपील फेटाळले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे.