पद म्हणजे वतन नव्हे

तहहयात नेमणुकीचा प्रश्न निघाला की लोकांना अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आठवतात. आपल्याला आधी महार वतन आठवायला हवे. ज्या समाजाच्या मानेवर वतनाचे जोखड पिढ्यान्‌पिढ्या होते, त्याला आजन्म पद म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनदारीला कायद्याचे रूप दिले. पाटील, कुलकर्णी आणि महार हे तिघेही त्या कायद्याने वतनदारच. पण पाटलाच्या वतनात मान आणि हुकूम होता, महाराच्या वतनात राबणूक. दिवसरात्र सरकारी निरोप, वर्दी आणि गावकी. मोबदला काय, तर हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. घरातला कामकरी हजर नसेल तर त्याच्या जागी घरच्या माणसांना राबावे लागे. वरच्याला पद सोडायचे नव्हते आणि खालच्याला ते सोडता येत नव्हते. दोघांना बांधणारी दोरी मात्र एकच होती: ज्या पदाला मुदत नाही, त्याला जाब विचारण्याची वेळही कधी येत नाही.

बाबासाहेबांनी या वतनावर 'बहिष्कृत भारत'मधून टीका केली आणि १९२८ साली मुंबई कायदे मंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. ज्याला वतन सोडायचे आहे त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन स्वतःकडे ठेवावी आणि मोकळे व्हावे, अशी त्यातली एक महत्त्वाची तरतूद होती. विरोध एवढा झाला की १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

हाच विचार त्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'च्या भाषणात पुरोहितशाहीला लावला. पुरोहितपण रद्द करा. ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरागत ठेवू नका. परीक्षा घ्या, सनद द्या आणि इतर सरकारी नोकरांसारखाच पुरोहितालाही कायदा लागू करा. थोडक्यात, पुजाऱ्याची गादी ही त्याची मिळकत नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खुर्ची जाण्याची भीती असेल तर माणूस सत्तेपुढे वाकतो, म्हणून न्यायाधीशाला तरी ती आजन्म द्यावी. आक्षेप पोकळ नाही. आपल्या संविधानाने त्याचे उत्तर वेगळ्या रीतीने दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते आणि नेमणुकीनंतर त्याच्या पगारात सर्वसाधारणपणे कपात करता येत नाही. म्हणजे संरक्षण भक्कम आहे. पण वयाच्या ६५ व्या वर्षी खुर्ची सोडावीच लागते. निर्भयपणासाठी संरक्षण लागते, मरेपर्यंतची मुदत लागत नाही. राष्ट्रपतीचा कार्यकाळही पाच वर्षांचाच आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. त्याच भाषणात त्यांनी भिक्षुसंघाची आठवण दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला माहीत होते. आणि त्या संघाच्या शास्त्याने काय केले? संघाचे नेतृत्व मागणाऱ्या देवदत्ताला नकार दिला आणि आपल्या मागे कोणीही वारस नेमला नाही. माझ्यानंतर धम्म हाच तुमचा शास्ता, एवढेच सांगितले. जगात किती धर्मसंस्थापकांनी गादी रिकामी ठेवली?

बाबासाहेब स्वतःही खुर्चीला चिकटले नाहीत. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडले. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात मतदारांसमोर उभे राहिले. दोन्ही वेळा हरले. तरी मतपेटीवरचा त्यांचा विश्वास उडाला नाही.

मित्रांनो, आता आपल्या घरात पाहू. विहारांच्या समित्या, शिक्षणसंस्था, पक्ष, जयंती मंडळे. किती ठिकाणी तोच अध्यक्ष वीस-वीस वर्षे बसला आहे? किती ठिकाणी त्याच्यानंतर मुलाचे नाव आधीच ठरले आहे? प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला 'चळवळीत फूट पाडतोस' असे सुनावले जाते. त्यांच्या त्यागाचा आदर जरूर करावा. पण त्याग केला म्हणून पदाचा सातबारा कोणाच्या नावावर चढत नाही. शिवाय मुदत नसली की फूट टळतही नाही. जाण्याचा सन्मानाचा दरवाजाच नसल्याने नवा माणूस कंटाळून वेगळा गट काढतो. आपल्या गटबाजीचे एक मोठे कारण हेच आहे.

म्हणून आपल्या प्रत्येक संस्थेच्या घटनेत चार गोष्टी लिहून घ्या. पदाला ठराविक मुदत असावी. सलग दोन वेळांपेक्षा जास्त तेच पद कोणाला मिळू नये. वार्षिक सभेत हिशेब मांडला जावा. निवड गुप्त मतदानाने व्हावी. येत्या सभेत हा ठराव मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, सभासद असणे पुरेसे आहे.

गावाने आपल्या गळ्यात बांधलेले वतन तोडायला बापजाद्यांनी हयात घालवली. आपणच आपल्यात नवे वतनदार तयार करायचे का?

जय भीम!