खिडकीवरचे प्रतिबिंब आणि प्रकाशाचे गुपित

१/
काचेआडच्या वस्तूचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एक अनाहूत पाहुणा ठाऊक असतो : प्रतिबिंब. संग्रहालयातील तलवार टिपायला जावे, तर तिच्या पात्यावर समोरचा दिवा आणि टिपणाऱ्याचाच हात उमटतो. हे प्रतिबिंब दूर सारण्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक फिरती चकती बसवतात. तिला पोलरायझर म्हणतात. तिची कुळकथा सुरू होते १८०८ साली, पॅरिसमधील एका राजवाड्याच्या तावदानांपाशी.

२/
प्रथम काचेचा स्वभाव पाहू. साध्या काचेवर प्रकाश समोरून पडला, की तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के भाग परत फिरतो. तावदानाला पृष्ठभाग दोन. म्हणजे सुमारे ८ टक्के. हा वाटा क्षुल्लक भासतो. परंतु भर दुपारी रस्ता दुकानाच्या अंतर्भागाहून शंभरपट उजळ असेल, तर त्या शंभरातील आठ भाग आतल्या एका भागावर सहज मात करतात. रात्री हाच हिशेब उलटतो आणि दिवा लावलेल्या खोलीची खिडकी आरसा बनते.

३/
छायाचित्रणाचा आरंभच खिडकीशी जोडलेला आहे. कॅमेऱ्याने घेतलेले आणि आजवर टिकलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. टिकून राहिलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह इंग्लंडमधील हेन्री फॉक्स टॅल्बट याची, ऑगस्ट १८३५ ची. तिचा विषय आहे लेकॉक अ‍ॅबी या त्याच्या निवासस्थानाची जाळीदार खिडकी. भिंगातून पाहिल्यास तिची सुमारे २०० तावदाने मोजता येत, अशी नोंद त्याने केली आहे.

४/
मात्र काचेवरच्या झळाळीचे कोडे ज्याने प्रथम उकलले, तो या दोघांच्याही आधीचा. आणि तो पेशाने लष्करी अभियंता होता. एतियेन लुई माल्यू याचा जन्म १७७५ चा. १७९८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याबरोबर तो इजिप्तच्या मोहिमेवर गेला. पुढे जाफा येथे त्याला प्लेगने गाठले. तो त्यातून वाचला, परंतु खचलेल्या प्रकृतीनिशी मायदेशी परतला. तंबूत आणि छावणीतही प्रकाशाविषयीचे त्याचे चिंतन थांबलेले नव्हते.

५/
त्या काळी विद्वानांना एका स्फटिकाने पेचात टाकले होते. आइसलँडमध्ये सापडणारा कॅल्साइटचा पारदर्शक खडा अक्षरावर ठेवला, की एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिनने या चमत्काराचे वर्णन केले. प्रकाशकिरण स्फटिकात शिरताना दुभंगतो, एवढे पुढे हॉयगेन्सच्या गणिताने सांगता आले. पण असे दोन खडे एकापुढे एक धरून फिरवल्यास काही प्रतिमा मंदावतात आणि नाहीशाही होतात. त्याचे कारण हॉयगेन्सलाही देता आले नाही.

६/
१८०८ मध्ये फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने या दुभंगण्याच्या गणिती उपपत्तीसाठी पारितोषिक जाहीर केले. माल्यू कामाला लागला. त्याचे घर पॅरिसच्या रू दांफेर या रस्त्यावर होते आणि तेथून लक्झेंबर्ग राजवाडा दिसे. एका संध्याकाळी मावळत्या सूर्याची झळाळी राजवाड्याच्या तावदानांवरून परावर्तित होत होती. माल्यूने सहज आपला खडा डोळ्यापुढे धरला. दोन प्रतिमा दिसणार, हे त्याला ठाऊकच होते.

७/
प्रतिमा दोन दिसल्या, पण त्यांचे तेज सारखे नव्हते. खडा फिरवावा तशी एक उजळे आणि दुसरी मंदावे. आणखी फिरवला की उलट होई. सूर्याकडून थेट आलेल्या प्रकाशात असे घडत नाही. म्हणजे काचेवरून परत फिरताना प्रकाशात काहीतरी बदल झाला होता. सूर्य मावळल्यावर माल्यूने मेणबत्तीच्या उजेडात हाच प्रयोग पाण्यावरील आणि काचेवरील प्रतिबिंबांवर केला. एका ठरावीक तिरक्या कोनातून पाहताच एक प्रतिमा विझून गेली.

८/
आजच्या भाषेत याचा अर्थ असा : प्रकाश ही लहर आहे आणि तिची कंपने तिच्या वाटेला आडवी होतात. सूर्यप्रकाशात ही आडवी कंपने सर्व दिशांनी असतात. काचेवरून तिरका परावर्तित झालेला प्रकाश मात्र बहुतांशी एकाच दिशेने कंप पावतो. दोरी उभ्या गजांच्या फटीतून हलवावी : उभी लहर पार होते, आडवी अडते. स्फटिक अशा फटीसारखे काम करतो. या गुणधर्माला माल्यूने दिलेले नाव शास्त्रात रूढ झाले. मराठीत त्याला आपण ध्रुवीकरण म्हणतो.

९/
१८१० मध्ये पारितोषिक माल्यूला मिळाले. इंग्लंड आणि फ्रान्स तेव्हा युद्धात गुंतले होते. तरीही लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले रमफोर्ड पदक या शत्रुराष्ट्राच्या सेनाधिकाऱ्याला दिले. सन्मान उपभोगायला आयुष्य मात्र उरले नव्हते. १८१२ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. वय अवघे ३६.

१०/
माल्यूची श्रद्धा होती, की प्रकाश सूक्ष्म कणांचा बनलेला आहे. त्याच्याच शोधाने ही कल्पना मोडीत काढायला हातभार लावला. ध्रुवीकरणाचा अर्थ लावताना ऑगस्तँ फ्रेनेल या निष्कर्षाला आला, की प्रकाशलहरींची कंपने आडवीच असली पाहिजेत; १८२१ मध्ये त्याने हे मत मांडले. पुढे आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत माल्यू आणि फ्रेनेल या दोघांनाही स्थान मिळाले.

११/
झळाळी कोणत्या कोनात विझते, याचा नियम स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडला. परावर्तित किरण आणि पदार्थात शिरलेला किरण एकमेकांशी काटकोन करतात, तेव्हा परावर्तित प्रकाश पूर्णपणे एकाच दिशेने कंप पावतो. पृष्ठभागापासून मोजल्यास पाण्यासाठी हा कोन सुमारे ३७ अंशांचा, तर साध्या काचेसाठी सुमारे ३४ अंशांचा. काचेसमोर सरळ उभे न राहता बाजूला सरकून तिरके छायाचित्र घ्यावे, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

१२/
१८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोलने कॅल्साइटचा खडा कापून आणि पुन्हा चिकटवून असा लोलक बनवला, की त्यातून एकाच दिशेची कंपने पार होत. ‘निकोल लोलक’ प्रयोगशाळांत सर्वत्र पोहोचला. पण मोठे, निर्दोष खडे दुर्मीळ आणि महाग. छायाचित्रकाराला भिंग झाकेल एवढी चकती हवी होती. लोलक बहुधा बोटाच्या पेराएवढा.

१३/
खिशात मावणाऱ्या अशाच लोलकाने एक भारतीय प्रश्न सोडवला. समुद्र निळा का? लॉर्ड रॅली यांचे मत होते, की खोल समुद्राची प्रशंसित निळाई म्हणजे आकाशाचे निव्वळ प्रतिबिंब. १९२१ मध्ये कलकत्त्याचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परतत होते. त्यांच्यापाशी निकोल लोलक होता.

१४/
रामन यांची युक्ती काचेआडचे छायाचित्र घेणाऱ्याचीच होती. ब्रूस्टरच्या कोनातून पाण्याकडे पाहायचे आणि लोलक फिरवून पृष्ठभागावरचे आकाश विझवायचे. निळाई केवळ प्रतिबिंबाची असती, तर तीही विझली असती. ती विझली नाही. उलट अधिक गहिरी झाली. निळा रंग पाण्याच्या आतूनच येत होता. ‘नेचर’ या नियतकालिकाला त्यांनी धाडलेल्या टिपणावर स्थळ आहे मुंबई बंदर, दिनांक २६ सप्टेंबर १९२१. प्रकाश विखुरण्याच्या या ध्यासातूनच २८ फेब्रुवारी १९२८ चा ‘रामन परिणाम’ आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आले.

१५/
मोठ्या चकतीचा मार्ग मात्र औषधाच्या बाटलीतून निघाला. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे वैद्य विल्यम हेरापाथ यांनी एका विचित्र पदार्थाची नोंद केली. क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन पडल्यावर हिरवट, चकचकीत स्फटिक तयार झाले होते. एकावर एक आडवे पडले, की ते काळे दिसत. म्हणजे प्रत्येक स्फटिक हा जणू नैसर्गिक निकोल लोलकच. परंतु आकाराने अतिसूक्ष्म आणि अतिशय ठिसूळ.

१६/
मोठे स्फटिक वाढवण्याचे प्रयत्न पुढे अनेकांनी केले. एडविन लँड या हार्वर्ड सोडलेल्या तरुणाने प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला? असंख्य सूक्ष्म स्फटिक पातळ पटलात मिसळावेत आणि सर्वांना एकाच दिशेने रांगेत बसवावे. १९२९ मध्ये त्याने स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला, तेव्हा त्याचे वय होते १९. या पटलाचे नाव पुढे ‘पोलरॉइड’ झाले आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास इस्टमन कोडॅकने त्यापासून कॅमेऱ्याच्या चकत्या विकायला काढल्या.

१७/
लँडची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९३४ मध्ये चष्मे बनवणाऱ्या एका कंपनीच्या अधिकाऱ्यांना त्याने बोस्टनमधील एका हॉटेलात बोलावले. खिडकीत, ऐन उन्हाच्या तिरिपेत, सोनेरी माशांचे काचपात्र ठेवले होते. झळाळीमुळे मासे दिसतच नव्हते. लँडने पाहुण्यांच्या हाती पटलाचा एकेक तुकडा दिला आणि मासे प्रकट झाले. उन्हाचे चष्मे या पटलाचे बनवायचे ठरायला फारसा वेळ लागला नाही, असे सांगतात.

१८/
या चकतीलाही मर्यादा आहेत. काचेकडे अगदी समोरून पाहिले, तर परावर्तित प्रकाशाचे ध्रुवीकरण होतच नाही आणि चकती कितीही फिरवली तरी प्रतिबिंब हटत नाही. धातूवरच्या चकाकीवरही तिचा विशेष उपयोग होत नाही. अशा वेळी जुनाच उपाय कामी येतो : भिंग काचेला टेकवावे किंवा कॅमेऱ्यामागे काळे कापड धरावे. प्रतिबिंब पडायला उजेड लागतो. काळे कापड तो पुरवीत नाही. अंतराळ स्थानकावरून रात्रीची पृथ्वी टिपतानाही अंतराळवीर खिडकीभोवती काळे आवरण लावून आतला उजेड रोखतात.

१९/
दुसरा मार्ग काचच बदलण्याचा. १८९२ मध्ये इंग्लंडमधील भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांच्या लक्षात आले, की काळाने डागाळलेले जुने भिंग नव्यापेक्षा अधिक प्रकाश आत जाऊ देते. डाग म्हणजे काचेवर साचलेला अतिपातळ थर. त्याची जाडी प्रकाशलहरीच्या चतुर्थांशाएवढी असेल, तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. १९३५ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्मकुला यांनी निर्वात पोकळीत असा थर चढवण्याची रीत सिद्ध केली. लष्करी उपयोगामुळे ती गुप्त राहिली.

२०/
डिसेंबर १९३८ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधील कॅथरीन ब्लॉजेट यांनी प्रतिबिंब न पाडणारी काच जाहीर केली. केंब्रिज विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली स्त्री. साबणासारख्या पदार्थाचे, प्रत्येकी एका रेणूएवढ्या जाडीचे ४४ थर त्यांनी काचेवर चढवले होते. वृत्तपत्रांनी तिला ‘अदृश्य काच’ म्हटले. तो थर नाजूक होता, बोटाने पुसला जाई. टिकाऊ लेप इतरांनी पुढे घडवले. आज भिंगावर दिसणारी जांभळट-हिरवी झाक याच तत्त्वाची खूण आहे.

२१/
सारेच प्रतिबिंब पुसायला निघाले नव्हते. पॅरिसमध्ये युजेन आत्जे जड लाकडी कॅमेरा आणि काचपट्ट्या घेऊन मोडत चाललेल्या जुन्या शहराची नोंद करीत होता. १९२५ च्या सुमारास त्याने गोबलँ मार्गावरील कपड्यांच्या दुकानांच्या खिडक्या टिपल्या. आत कोट घातलेले पुतळे आणि त्यांच्या अंगावर समोरच्या इमारती व झाडे. व्यवसायाच्या दृष्टीने तो दोष होता. पण त्याच प्रतिबिंबांमुळे, कॅमेऱ्याच्या पाठीमागे असलेला रस्ताही त्या चित्रांत सुरक्षित राहिला आहे.

२२/
आता मोबाइल फोनही प्रतिबिंब पुसून देऊ लागले आहेत. तेथे एक भेद ध्यानी ठेवावा. माल्यूचा खडा, रामन यांचा लोलक आणि लँडचे पटल प्रत्यक्ष प्रकाशच गाळतात. त्यांतून जे दिसते ते तेथे असतेच. संगणकीय प्रणाली मात्र झाकलेल्या जागी काय असावे, याचे अनुमान करून ती जागा भरते. सुंदर छायाचित्रासाठी अनुमान चालेल. पुरावा म्हणून जपायच्या छायाचित्रासाठी नाही. संग्रहालयातील ताम्रपट किंवा नाणे टिपताना एखादे अक्षर असे अनुमानाने ‘भरले’ गेले, तर पुढचा अभ्यासक तेच खरे मानून वाचील.

२३/
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने काचेआडची वस्तू टिपताना क्रम असा ठेवावा : आधी तिरका कोन, मग काळे कापड, मग फिरती चकती, आणि एक छायाचित्र प्रतिबिंबासकट, जसेच्या तसे. माल्यूने त्या संध्याकाळी झळाळी त्रासदायक मानून पाठ फिरवली असती, तर प्रकाशाचे एक मोठे गुपित आणखी काही काळ काचेवरच राहिले असते.

थ्रेड समाप्त.